दूरदृश्य सभा आणि गांवची बैठक

सभा म्हटली म्हणजे पूर्वीं डोळ्यांपुढें एक मांडव, एक लांब सतरंजी, पाण्याचें एक पिंप आणि पुढें बसलेलीं चार वडीलधारीं माणसें उभीं राहत. गेल्या कांहीं वर्षांत तें चित्र पालटलें आहे. आतां सभेची नोटीस मोबाईलवर येते, सभेची जागा म्हणून निळ्या अक्षरांची एक ओळ येते, आणि त्या ओळीवर बोट ठेवलें कीं माणूस गोठ्यांत उभा राहूनहि सभेस हजर होतो. अशा सभेस कोणी आभासी म्हणतात, कोणी दूरदृश्य म्हणतात. कांहीं लोक सभागृहांत व कांहीं आपापल्या घरीं अशी जी दुहेरी सभा, तिला संमिश्र सभा हें नांव पडलें आहे. ही पद्धति पुढें टिकणार कीं जाणार, टिकली तर ती शेतकऱ्याच्या फायद्याची कीं तोट्याची, आणि टिकवावयाची झाल्यास ती कशी, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. शिक्षण मराठी शाळेपुरतें; यंत्रांतलें मर्म आम्हांस फारसें कळत नाहीं. परंतु नोटीस, हजेरीपट, पंचनामा, ठराव व इतिवृत्त हे कागद तीस वर्षांवर हाताळल्यामुळें कोणता कागद खरोखर घडलेल्या गोष्टीचा आणि कोणता नुसता भरलेला, हें ओळखण्याची थोडीबहुत संवय झाली आहे. निवृत्तीनंतर वडिलोपार्जित ऊस व सोयाबीन पाहतों. तेव्हां कारकून व शेतकरी अशा दोन्ही नात्यांनीं जें दिसलें, तें येथें मांडतों.

एका सभेची हकीकत

सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आंत, झाली पाहिजे असा आपल्याकडील कायदा आहे. सन २०२० च्या मार्चमध्यें करोनाच्या सांथीमुळें टाळेबंदी आली आणि माणसें एकत्र जमणेंच बंद झालें. केंद्र सरकारनें त्याच वर्षीं एप्रिल व मे महिन्यांत परिपत्रकें काढून कंपन्यांना आपल्या सभा दूरदृश्य पद्धतीनें घेण्यास मुभा दिली. महाराष्ट्रांतील मोठ्या सहकारी संस्थांच्या सभाहि २०२१ सालीं तशाच भरल्या. त्या वेळीं दुसरा इलाज नव्हता, हें आम्ही प्रथमच कबूल करतों.

आम्ही ज्या एका संस्थेचे सभासद आहोंत, तिची त्या सालची सभा अशीच झाली. विषयपत्रिकेंत आठ विषय होते. पांचवा विषय सभासदांच्या बिलांतून टनामागें कांहीं रक्कम ठेव म्हणून कापून घेण्याचा होता. आम्हांस दोनच गोष्टी विचारावयाच्या होत्या: ठेवीवर व्याज किती, आणि ती परत केव्हां. घरांत रेंज मिळत नाहीं, म्हणून आम्ही अंगणाबाहेर कडुनिंबाखालीं खाट टाकून बसलों. पांचवा विषय पुकारतांच पडद्यावर हात वर करण्याची खूण दाबली. परंतु सर्व सभासदांचे आवाज संस्थेच्या कचेरींतून बंद करून ठेवलेले होते. तिकडे सभागृहांत बसलेल्या चार-पांच मंडळींनीं 'मंजूर, मंजूर' म्हटलें आणि सहावा विषय निघाला. इतक्यांत आमचें इंटरनेट गेलें. तें परत आलें तेव्हां आभारप्रदर्शन चाललें होतें.

पुढें आम्हीं इतिवृत्ताची नक्कल मागितली. त्यांत पांचव्या विषयापुढें 'सविस्तर चर्चेअंतीं सर्वानुमतें मंजूर' असें लिहिलेलें होतें, आणि हजर सभासदांच्या यादींत आमचेंहि नांव होतें. कागद म्हणून पाहिलें तर त्यांत एकहि उणीव नव्हती. परंतु त्या कागदांत म्हटलेली चर्चा कोठें झाली, हें त्यांत हजर असलेल्या आम्हांसच ठाऊक नाहीं!

येथें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. संस्थेच्या सचिवांशीं आमचें पुढें बोलणें झालें. ते म्हणाले, "भाऊसाहेब, चारशें माणसें एकाच वेळीं जोडलेलीं. सर्वांचे आवाज मोकळे सोडले तर कोणाच्या शेळ्या, कोणाचा कुकर, कोणाचें रडणारें पोर. सभा चालवूं कशी?" त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. लबाडी त्यांत नसेलहि. परंतु ज्या साधनानें बडबड बंद होते त्याच साधनानें प्रश्नहि बंद होतो, आणि कोणता आवाज बडबडीचा व कोणता प्रश्नाचा हें ठरविणारा हात एकाच पक्षाचा असतो.

२०२२ सालीं सभा पुन्हां मांडवांत भरली. तेथें एका विधवा सभासद बाईंनीं उभें राहून आमच्याच मनांतला प्रश्न चारशें लोकांदेखत विचारला. अध्यक्षांना उत्तर द्यावें लागलें, व्याजाचा दर सांगावा लागला व तो इतिवृत्तांत लिहिला गेला. मधल्या वर्षीं कापलेल्या ठेवीस तो दर लागू आहे कीं नाहीं, याचा निकाल मात्र अद्यापि लागलेला नाहीं. प्रश्न एका वर्षानें उशिरां विचारला गेला, त्याची ही किंमत.

खर्चाचा हिशेब

या एका कडू अनुभवावरून दूरदृश्य सभा टाकाऊ ठरविणें अन्यायाचें होईल. समोरासमोरच्या सभेस काय खर्च येतो याचा हिशेब आपण सहसा मांडीतच नाहीं. जिल्ह्याच्या ठिकाणीं भरणाऱ्या एका शेतकरी मेळाव्याचें उदाहरण घेऊं. गांवापासून ठिकाण साठ किलोमीटर धरलें तर जाऊन येऊन एकशें वीस किलोमीटर होतात. एका जीपमध्यें आठ माणसें व लिटरला बारा किलोमीटर असा हिशेब केला तर दहा लिटर डिझेल जळतें. एक लिटर डिझेल जळलें म्हणजे सुमारें २.७ किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेंत जातो; म्हणजे एका जीपमागें २७ किलो. साठ जिपा आल्या, तर माणसें जमलीं ४८०, डिझेल जळलें ६०० लिटर, आणि वायु सुटला सुमारें १,६०० किलो. हाच वायु हवा तापवितो, आणि पाऊस लहरी झाला म्हणून तक्रार करणारे आपणच असतों.

डिझेलाहून मोठा खर्च वेळेचा. दिवस गेला, पाण्याची पाळी चुकली, धारा काढावयास शेजाऱ्याची मनधरणी करावी लागली. ज्याच्या घरीं दुसरा कर्ता माणूस आहे तोच मेळाव्यास जाऊं शकतो. आणि बायकांचें काय? निंदणी, वेंचणी, बियाणें राखणें हीं कामें बहुतेक त्यांच्या हातून होतात. परंतु मेळाव्यांत बायकांच्या रांगा किती असतात, तें वाचकांनीं स्वतःच आठवून पाहावें. घरबसल्या ऐकण्याची सोय झाल्यापासून आमच्या गांवच्या बचत गटांतील बायका कृषि विद्यापीठांतील तज्ज्ञांचीं व्याख्यानें ऐकूं लागल्या, ही गोष्ट लहान नव्हे.

विद्वानांच्या परिषदांचा हिशेब तर आपल्या जिपांना लाजविणारा आहे. २०१९ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को शहरीं अमेरिकन जिओफिजिकल युनियन या भूशास्त्रज्ञांच्या संघाची परिषद भरली होती. सुमारें २८,००० लोक जगाच्या कानाकोपऱ्यांतून आले. त्यांच्या नुसत्या जाण्यायेण्यानें सुमारें ८०,००० टन कार्बन डाय-ऑक्साइडाइतका बोजा हवेवर पडला, असा हिशेब शास्त्रज्ञांनींच पुढें मांडला. पृथ्वीच्या हवामानाची काळजी वाहणाऱ्यांच्या परिषदेचा हा खर्च!

दुसरा हिशेब अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनीं डिसेंबर २०२१ मध्यें 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. परिषद सर्वस्वी दूरदृश्य केली तर हवेंत जाणारा कार्बन ९४ टक्क्यांनीं व ऊर्जेचा खर्च ९० टक्क्यांनीं कमी होतो, असें त्यांना आढळलें. परंतु ध्यानांत धरण्याजोगी गोष्ट याच्या पुढची आहे. ठिकठिकाणीं विचारपूर्वक केंद्रें निवडावीं, प्रत्येकानें आपल्या जवळच्या केंद्रांत जमावें, आणि तीं केंद्रें एकमेकांस दूरदृश्यानें जोडावीं, असें केलें तर निम्म्याहून अधिक माणसें समोरासमोर बसूनहि सुमारें दोन-तृतीयांश बचत होऊं शकते. म्हणजे एकीकडे सर्वांनीं एका शहरीं धांवावें आणि दुसरीकडे प्रत्येकानें घरांत एकट्यानें पडद्याकडे पाहावें, या दोहोंच्या मध्यें एक तिसरा मार्ग आहे. त्यास आम्ही आपल्या भाषेंत बैठक म्हणतों.

जुनी युक्ति

हा हिशेब नवा असला तरी युक्ति नवी नाहीं. कॅनडा देशांत १९४१ सालीं शेतकऱ्यांसाठीं रेडिओवरून एक उपक्रम सुरू झाला व तो १९६५ पर्यंत चालला. हिवाळ्यांत आठवड्यांतून एका रात्रीं शेजारपाजारचीं कुटुंबें कोणा एकाच्या घरीं जमत. विषयाचें छापील पत्रक आधींच टपालानें आलेलें असे. कार्यक्रम ऐकून झाला कीं चर्चा होई, आणि मंडळाचीं उत्तरें प्रांताच्या चिटणीसाकडे लिहून पाठविलीं जात. त्यांतील निवडक मतें पुढें रेडिओवर वाचून दाखवीत. वाचा, ऐका, चर्चा करा व कृति करा, हें त्यांचें ब्रीद होतें.

त्याच धर्तीवर १९५६ सालीं आपल्या पुण्यास एक मोठा प्रयोग झाला. युनेस्को या जागतिक संस्थेच्या साह्यानें आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें पांच जिल्ह्यांतील १५० गांवांत शेतकऱ्यांचीं श्रोतृमंडळें स्थापिलीं. एका मंडळांत सुमारें वीस माणसें. त्यांचा एक अध्यक्ष व एक संयोजक. आठवड्यांतून दोनदां, प्रत्येक वेळीं अर्धा तास, याप्रमाणें वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला कीं मंडळी उठत नसत, चर्चा करीत. संयोजक चर्चेचा सारांश व शंका लिहून पुण्यास पाठवी, आणि त्या शंकांचीं उत्तरें पुढील कार्यक्रमांत गांवाच्या नांवानिशीं मिळत. दूर बसून भरविलेली संमिश्र सभा ती हीच नव्हे काय? इंटरनेट नव्हतें, एवढाच फरक.

या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें केली व पॉल न्यूराथ या अभ्यासकानें तिचा अहवाल लिहिला. त्यांनीं मंडळें असलेल्या गांवांबरोबर नुसता रेडिओ असलेलीं आणि रेडिओच नसलेलीं गांवेंहि तपासलीं. मंडळांच्या गांवांत शेतीविषयक माहितींत ठळक वाढ झाली होती. नुसता रेडिओ असलेल्या गांवांत ती फारच थोडी होती. आवाज तोच, वेळ तीच, भाषाहि तीच. फरक इतकाच कीं एकीकडे लोक ऐकून उठून गेले व दुसरीकडे ऐकून बसले.

हें यश पाहून १९५९ पासून अशीं मंडळें देशभर काढण्याचा कार्यक्रम सरकारनें हातीं घेतला. हजारों मंडळें निघालीं. परंतु संख्या वाढली तशी देखरेख पातळ झाली. संच नादुरुस्त झाले तर दुरुस्त करणारा नाहीं, संयोजकाचें पत्र आलें तर उत्तर देणारा नाहीं, अशी स्थिति होऊन तीं हळूहळू निजलीं. पुढें १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साह्यानें सहा राज्यांतील सुमारें २,४०० गांवांत दूरचित्रवाणी दाखविण्याचा प्रयोग झाला. कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या जाळीच्या मोठ्या छत्र्या उभारून गांवकऱ्यांनीं एकत्र बसून कार्यक्रम पाहिले. वर्ष भरलें, उपग्रह अमेरिकेकडे परत गेला, आणि बहुतेक गांवांचा पडदा काळा झाला.

टिकाऊपणा हा शब्द आजकाल फार ऐकूं येतो, पण त्याचा अर्थ बहुधा कार्बनापुरता लावला जातो. वरील दोन्ही हकीकतींवरून असें दिसतें कीं सभेचा टिकाऊपणा दुहेरी आहे. ती हवेस व खिशास परवडली पाहिजे, हा एक भाग; आणि बाहेरचा पैसा व उत्साह संपल्यावरहि ती चालू राहिली पाहिजे, हा दुसरा. पहिला भाग यंत्रानें साधतो. दुसरा गांवांतील एका जबाबदार माणसावांचून साधत नाहीं.

अलीकडील दाखलाहि असाच आहे. डिजिटल ग्रीन या नांवाचा उपक्रम बंगळूर येथें २००६ च्या सुमारास सुरू झाला. त्याची पद्धति अशी कीं जवळपासच्याच शेतकऱ्यांचीं चित्रें घ्यावयाचीं, आणि गांवांतीलच एका माणसानें तीं गटापुढें दाखवावयाचीं. मध्यें थांबवून प्रश्न विचारावयाचे व पुढच्या खेपेस कोणी काय केलें याची नोंद ठेवावयाची. कर्नाटकांतील सोळा गांवांत तेरा महिने केलेल्या चांचणींत, नेहमीच्या प्रशिक्षण-भेटीच्या पद्धतीपेक्षां नव्या रीति स्वीकारणाऱ्यांचें प्रमाण कांहीं बाबतींत सातपट आढळलें, असें त्या मंडळींनींच प्रसिद्ध केलें आहे. आपल्याकडे पाणी फाउंडेशननें २०२२ पासून फार्मर कप स्पर्धेबरोबर ज्या डिजिटल शेतीशाळा चालविल्या, त्याहि सुट्या शेतकऱ्यावर नव्हे तर गटावर उभ्या आहेत.

आमच्या गांवचा अनुभव

परगांवचें पुष्कळ सांगितलें. आतां घरचें सांगतों. आमच्या भागांत उसास हुमणीचा उपद्रव वर्षानुवर्षें आहे. हुमणी म्हणजे एका भुंगेऱ्याची अळी. ती जमिनींत राहून मुळें खाते, आणि ऊस पिवळा पडूं लागेपर्यंत मालकास कळत नाहीं. उपाय सोपा, पण वेळेचा आहे. वळवाचा चांगला पाऊस झाला कीं भुंगेरे संध्याकाळीं जमिनींतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पाल्यावर बसतात. त्या वेळीं फांद्या हालवून ते खालीं पाडावे, किंवा दिव्याच्या सापळ्यानें धरावे, आणि रॉकेल घातलेल्या पाण्यांत टाकून मारावे. मादीनें अंडीं घालण्यापूर्वीं हें झालें पाहिजे, आणि साऱ्या शिवारानें मिळून केलें पाहिजे. कारण भुंगेऱ्यास बांध ठाऊक नाहीं.

२०२४ च्या मे महिन्यांत या विषयावर एका तज्ज्ञांचें दूरदृश्य व्याख्यान झालें. गांवांतील तीस-पस्तीस जणांनीं तें आपापल्या घरीं मोबाईलवर ऐकलें, आम्हींहि ऐकलें. सर्वांना पटलें. पाऊस पडला, भुंगेरे निघाले, आणि प्रत्येकजण शेजारी काय करतो हें पाहत राहिला. परिणामीं कोणीच कांहीं केलें नाहीं. भाद्रपदांत उसाचे ठिकठिकाणीं पट्टे पिवळे पडले, तेव्हां एकमेकांस दोष देण्याचें काम मात्र सर्वांनीं मिळून केलें.

२०२५ सालीं आम्हीं चार जणांनीं दुसरी रीत धरली. एप्रिल अखेरीस विकास सोसायटीच्या कचेरींत भिंतीवर एकच पडदा लावला व एकाच मोबाईलवरून व्याख्यान जोडलें. बावीस माणसें जमलीं, त्यांत पांच बायका. अर्धा तास ऐकलें. मग एका म्हाताऱ्या गृहस्थांनीं विचारलें, "साहेब, रॉकेल रॉकेल म्हणतां, पण तें आतां मिळतें कोठें?" तज्ज्ञ हसले व म्हणाले, "खरें आहे बाबा. पाण्यावर तवंग येण्यापुरतें थोडें डिझेल टाका, काम भागेल." हा साधा प्रश्न आदल्या वर्षीं पस्तीस जणांपैकीं एकानेंहि विचारला नव्हता. त्यानंतर यंत्र बंद केलें, आणि खरी सभा तेथून सुरू झाली. कोणत्या बांधावर किती कडुनिंब, ते कोणाचे, कोणत्या वाटेनें जावयाचें, घमेलीं कोणाचीं व दिवा कोणाचा, याची यादी आम्हीं लिहून घेतली. चार टोळ्या पाडल्या. त्या वर्षीं पाऊस मे महिन्यांतच आला हें वाचकांस आठवत असेलच. यादी तयार होती म्हणूनच आमची धांदल उडाली नाहीं. पांच संध्याकाळीं पोरेंसोरें, बायामाणसें कंदील घेऊन शिवारांत होतीं.

हुमणी त्यामुळें नाहींशी झाली असें आम्ही म्हणत नाहीं. पिवळे पट्टे मागील वर्षापेक्षां थोडे दिसले; परंतु एका वर्षाच्या अनुभवावरून सिद्धांत बांधणें बरें नव्हे. एवढें मात्र निश्चित कीं तेंच ज्ञान, त्याच यंत्रांतून, एकट्याच्या कानांत पडलें तेव्हां मेलें आणि बैठकींत पडलें तेव्हां कामास लागलें. शिवाय बावीस मोबाईलांऐवजीं एकच मोबाईल चालला. तासभराच्या चित्रास सुमारें एक जीबी डेटा धरला तर एकवीस जणांचा तो खर्चहि वांचला.

कोणती सभा कशी घ्यावी

आमच्या मतें शेतकऱ्याच्या सभांचे तीन प्रकार पाडावे. पहिला, ज्ञान ऐकण्याचा. ती सभा दूरदृश्यानें घेण्यास हरकत नाहीं, पण गांवांत बैठक करून.

दुसरा, डोळ्यानें व हातानें पारखण्याचा. पुण्याजवळ मोशीस डिसेंबरांत भरणारें किसान प्रदर्शन किंवा बारामतीचें कृषिक यांसारखीं प्रदर्शनें, बैलबाजार, पीक-पाहणी, यंत्राचें प्रात्यक्षिक, यांना पडदा पुरत नाहीं. बैलाची चाल, मातीचा वास व नांगराचें वजन तारेवरून येत नाहींत. येथें प्रवासाचा खर्च रास्त आहे. मात्र एका जीपमध्यें दोघांनीं जाण्याऐवजीं आठांनीं जावें. नवीन कल्पना शोधण्यासाठींहि समोरासमोर बसणें बरें. २०२२ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत ब्रक्स व लेव्हाव्ह या अभ्यासकांनीं दाखवून दिलें कीं पडद्यावरून बोलणाऱ्या जोड्यांना समोरासमोर बसलेल्यांपेक्षां कमी कल्पना सुचतात. सुचलेल्यांपैकीं चांगली निवडण्यांत मात्र त्या मागें पडत नाहींत.

तिसरा प्रकार हिशेबाचा व ठरावाचा. यांत सभासदाचा पैसा व हक्क गुंतलेला असतो. ही सभा निव्वळ दूरदृश्य असूं नये. दूरच्या गांवांची गैरसोय टाळावयाची तर ती संमिश्र घ्यावी, परंतु पुढील नियमांनीं:

१. प्रत्येक गांवीं किंवा चार वाड्यांत मिळून एक बैठक असावी. चावडी, शाळा किंवा सोसायटीची कचेरी, कोणतीहि सर्वांना खुली जागा चालेल. पुढाऱ्याचा वाडा नको.

२. बैठकीचा संयोजक बैठकीनेंच निवडावा. त्यास थोडें मानधन द्यावें. फुकटचें काम दुसऱ्या वर्षीं टिकत नाहीं.

३. अहवाल व विषयपत्रिका मराठींत छापून आठवडाभर आधीं बैठकीच्या हातीं पडावी. वीज जाईल हें गृहीत धरून बॅटरीची सोय असावी.

४. हजेरी यंत्रावरून धरूं नये. बैठकींत सही किंवा अंगठा घ्यावा. चालू मोबाईल म्हणजे हजर माणूस नव्हे.

५. एकट्या सभासदांचे आवाज सभा चालण्यासाठीं बंद ठेवावे लागतील. परंतु बैठकीच्या संयोजकाचा आवाज कधींहि बंद करूं नये. प्रत्येक विषयास प्रत्येक बैठकीस बोलण्याची पाळी द्यावी.

६. वादाच्या विषयावर मतें बैठकवार मोजावीं व आंकडे इतिवृत्तांत लिहावे. मोजणी नसतां 'सर्वानुमतें' हा शब्द लिहूं नये.

७. आलेला प्रत्येक प्रश्न बारनिशींत क्रमांक घालून नोंदवावा, आणि उत्तर कोणत्या तारखेस गेलें तें त्याच ओळींत लिहावें. आमच्या खात्यांत हजार दोष असतील, पण आवक क्रमांक पडलेला कागद सहजासहजीं हरवत नसे. श्रोतृमंडळें ज्या रोगानें गेलीं, त्यावर हेंच औषध आहे.

८. वर्षांतून एकदां तरी सर्व सभासदांनीं एका मांडवाखालीं यावें. ज्याचा चेहरा पाहिला आहे त्याचा आवाज पडद्यावरूनहि ओळखतां येतो.

कोणी म्हणेल, हा खटाटोप मोठा आहे. आहे खरा. परंतु संस्थेस नुसती दूरदृश्य सभा स्वस्त पडते ती कां, याचा विचार करावा. मांडव नाहीं, जेवण नाहीं, प्रवास नाहीं, ही बचत खरी व चांगली; ती सर्वांनीं घ्यावी. पण तिच्याबरोबर प्रश्न नाहीं व उत्तर नाहीं अशीहि एक बचत होते, आणि ती सभासदाच्या खिशांतून जाते. पहिली बचत ठेवून दुसरी टाळणें, हेंच बैठकीचें काम.

पुढील ३० सप्टेंबरच्या आंत आपापल्या संस्थांच्या सभा होतील, त्यांच्या नोटिसा येतील. ज्या संस्था सभा दूरदृश्य किंवा संमिश्र ठेवूं इच्छितात, त्यांच्या सचिवांस वाचकांनीं आतांच एक लेखी अर्ज द्यावा: आमच्या गांवीं बैठक मान्य करावी, व तिच्या संयोजकास बोलण्याची मुभा असावी. अर्जाची एक प्रत जवळ ठेवावी आणि तीवर आवक क्रमांक व तारीख घ्यावी. तोंडी सांगून येऊं नये. आमचा पांचवा विषय ज्या दिवशीं मंजूर झाला, त्या दिवशीं आम्हीं कडुनिंबाखालीं बसून हात वर केला होता. त्याची नोंद कोठेंहि नाहीं. आपला हात वर होईल त्या दिवशीं तो कोणाच्या तरी वहींत उतरेल, एवढी तजवीज शेतकरी बंधुभगिनींनीं आधीं करून ठेवावी, इतकें सांगून हा लेख पुरा करतों.